'प्लूटो'चे पहिले तीन खंड : पुन्हा पुन्हा वाचल्यावर

नाओकी उरासावाची 'प्लूटो' ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका अवघ्या ८ खंडांची आहे. साठ-सत्तर खंड ओढत नेणाऱ्या मालिकांच्या जगात हे काहीच नाही. आठही खंड वाचून बरेच महिने झाले, पण अजून उशाशी असतात ते पहिले तीनच. रहस्यकथा एकदा उलगडली की सहसा रद्दीच्या वाटेला लागते. ही का लागली नाही, तेच सांगायचंय. शेवट फोडणार नाही, पण सुरुवातीच्या खंडांतल्या काही गोष्टी सांगाव्या लागतील.

मूळ कथा ओसामू तेझुकांची. 'ॲस्ट्रो बॉय' या त्यांच्या मांगा मालिकेत १९६४-६५ साली आलेली, जगातल्या सात सर्वांत ताकदवान रोबोंना एकेक करून संपवणाऱ्या एका रोबोची गोष्ट. लहान मुलांसाठीची, मारामारीची. उरासावाने ताकाशी नागासाकींच्या साथीने ती २००३ ते २००९ या काळात मोठ्यांसाठी नव्याने मांडली आणि मधोमध आणून बसवला तो मूळ कथेतला एक दुय्यम रोबो : गेझिश्ट, युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेचा जर्मन डिटेक्टिव्ह.

स्वित्झर्लंडमध्ये त्या सातांपैकी एक, सगळ्यांचा लाडका रोबो माँ ब्लां वणव्यात नष्ट होतो. तिकडे ड्युसेलडॉर्फला रोबोंच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका माणसाचा खून होतो. दोन्हीकडे डोक्याशी शिंगांसारखं काहीतरी खोचलेलं. खुनाच्या जागी माणसाचा मागमूस नाही, म्हणजे संशय रोबोवर. पण रोबोला माणूस मारताच येत नाही. आजवर एकानेच मारलाय, ब्राउ १५८९ने, आणि तो अंगात भाला आरपार घुसलेल्या अवस्थेत बंदिवासात पडलाय. गेझिश्ट त्याला भेटायला जातो तो प्रसंग रात्री उशिरा वाचू नका, एवढंच म्हणेन.

पण मला पहिल्या खंडात अडकवलं ते खुनाने नाही. तपासादरम्यान एक गस्तीचा पोलीस रोबो मरतो आणि ती बातमी द्यायला गेझिश्ट त्याच्या बायकोकडे जातो. ती जुन्या धाटणीची घरकाम करणारी रोबो. चेहरा म्हणजे नुसता धातूचा. ना ओठ हलत, ना डोळे भरून येत. उरासावा त्याच न बदलणाऱ्या चेहऱ्याची चौकट पुन्हा दाखवतो आणि दर वेळी आपल्याला त्यात वेगळं काही दिसतं. चित्रात एक रेघही बदललेली नसते! हे फक्त मांगातच जमतं, कारण चौकटीवर किती वेळ थांबायचं ते वाचणारा ठरवतो.

मग येतो सातांपैकीच आणखी एक रोबो, नॉर्थ क्रमांक २. स्कॉटलंडमधल्या एका किल्ल्यात डंकन नावाचा अंध, म्हातारा, खवट संगीतकार राहतो. त्याच्या सेवेला आलेला हा रोबो पूर्वी युद्धात होता. अंगावरच्या झग्याखाली सगळी शस्त्रंच शस्त्रं. त्याला आता रणांगणावर जायचं नाही, पियानो शिकायचाय. म्हातारा ऐकवतो की यंत्राला कसलं आलंय संगीत. या प्रकरणांची शंभर पानंही नसतील, पण मी सर्वांत जास्त वेळा उघडली ती हीच. शेवटची झुंज उरासावाने जवळपास दाखवलेलीच नाही. वर आकाशात काहीतरी घडतं आणि खाली उभ्या असलेल्या आंधळ्या माणसाच्या कानांनी ते आपल्याला कळतं. दुसरा कुणी असता तर चार पानं स्फोट काढले असते.

अ‍ॅटमचं, म्हणजे मूळच्या ॲस्ट्रो बॉयचं, आगमनही असंच. जपानभर ज्याचं टोकदार केसांचं डोकं कुणीही ओळखेल, तो इथे अगदी शेजारच्या घरातला वाटावा असा मुलगा आहे. दुसऱ्या खंडात तो गेझिश्टसमोर बसून आइस्क्रीम खातो आणि मुरलेल्या डिटेक्टिव्हलाही क्षणभर कळेनासं होतं, की आपण नक्की कोणाशी बोलतोय.

पहिल्या वाचनात माझ्याकडून निसटलेला धागा म्हणजे युद्ध. कथेतलं ३९वं मध्य आशियाई युद्ध. पर्शियाकडे विध्वंसक रोबो असल्याचा आरोप, बोरा नावाचं तपासणी पथक, हाती काहीच न लागणं आणि तरीही त्रेशिया नावाच्या महासत्तेने केलेलं आक्रमण. मालिका २००३ साली सुरू झाली; इराकवरचा हल्लाही त्याच वर्षीचा. हे लक्षात आल्यावर पुन्हा पहिल्या खंडाकडे वळलो, तर सातातल्या प्रत्येकाचं त्या युद्धाशी असलेलं नातं आधीच पेरून ठेवलेलं. गेझिश्टला पडणारं वाईट स्वप्नही तसंच. पहिल्यांदा ते वातावरणनिर्मिती वाटतं. सगळं माहीत असताना वाचलं की त्या पानांवर थांबावंच लागतं.

सगळंच छान आहे असंही नाही. सातांतलाच तुर्कस्तानचा रोबो ब्रांडो उमदा गडी, पण त्याच्या प्रकरणात भावनेचा हात जरा जास्तच सैल सुटलाय. गेझिश्टची बायको हेलेना या खंडांत वाट पाहण्यापलीकडे फारसं करत नाही. तिसऱ्या खंडात रोबोद्वेष्ट्यांची गुप्त संघटना येते तेव्हा मुख्य तपास मंदावतो. मात्र त्यातला आडोल्फ हास हा पिचलेला, द्वेषाने पोखरलेला माणूस पुढे त्याची भरपाई करतो. त्याच खंडात उरान, म्हणजे अ‍ॅटमची बहीण, स्मृती हरवलेल्या एका रोबोला भेटते आणि तो भिंतीवर फुलं रंगवू लागतो. काळ्या-पांढऱ्या पानांवर ते विलक्षण दिसतं. माझे गुण पाचपैकी साडेचार, आणि अर्धा कापलाय तो ब्रांडोसाठी.

वाचण्याबद्दल थोडं. मी विझ या प्रकाशनाची इंग्रजी आवृत्ती वाचली. ती जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे जाते. पहिली काही पानं डोळे गोंधळतात, मग सवय होते. मोबाइलवर मात्र वाचू नका. उरासावाची निम्मी गंमत पान उलटण्यात असते आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र छोट्या पडद्यावर मधोमध चिरलं जातं. टॅबलेट चालेल, कागद उत्तम. २०२३ साली नेटफ्लिक्सवर याची ८ भागांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) आली. ती चांगली आहे, पण डंकनचं संगीत तिथे प्रत्यक्ष ऐकू येतं. पुस्तकात ते आपलं आपण ऐकायचं असतं, म्हणून आधी पुस्तकच घ्या. सगळा संच एकदम घ्यायचा नसेल तर निदान पहिले तीन खंड एकत्र घ्या. फक्त पहिला घेतलात, तर त्याच्या शेवटच्या पानानंतर दुसरा घरपोच येईपर्यंतचे दिवस जाता जाणार नाहीत.