स्पॅनियलचा विमा: सगळे अडले ते कानापाशी

आमच्या कॉकर स्पॅनियल बंटीच्या डाव्या कानाचा दावा विमा कंपनीने फेटाळला, आणि त्याचे कारण त्याच्या उजव्या कानात होते. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून संरक्षण सुरू होईपर्यंतचा काळ, चालू असताना त्याला लसीकरणासाठी नेले होते, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या कागदावर ‘उजव्या कानात किंचित लाली, मेण जास्त’ अशी एक ओळ लिहिली होती. औषध दिले नव्हते, तपासणीसाठी नमुना घेतला नव्हता, पुन्हा दाखवायलाही सांगितले नव्हते. पुढे बऱ्याच महिन्यांनी डावा कान सुजला, तेव्हा कंपनीने ती ओळ हुडकून काढली आणि कळवले की कानाचा विकार संरक्षण सुरू होण्याआधीपासूनचा आहे, आणि शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेला अवयव पॉलिसीत एकच धरला जात असल्यामुळे दोन्ही कान कायमचे वगळण्यात येत आहेत. हा अभिप्राय लिहायला ते पत्र कारणीभूत आहे. मध्यंतरी याच कंपनीने मला माझे मत बरेचसे बदलायला लावले, तेही पुढे येईल. पण ज्याच्या घरी कॉकर स्पॅनियल आहे त्याने विम्याचा विचार कानापासूनच सुरू करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

कारण या जातीचा कान मुळातच आजाराला आमंत्रण देणारा आहे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. स्पॅनियलमध्ये तिच्यावर जड, केसाळ पाळीचे झाकण असते, नळीच्या तोंडाशी केसांचे जंगल असते आणि कॉकरच्या बाबतीत मेण तयार करणाऱ्या ग्रंथीही पुष्कळ इतर जातींच्या मानाने अधिक असतात. आत हवा खेळत नाही, ओल सुकत नाही, आणि त्वचेवर एरवी गुण्यागोविंदाने राहणारी मालासेझिया नावाची यीस्ट तिथे बेसुमार वाढते. आमच्या डॉक्टरांनी कानातला तपकिरी मळ कापसाच्या काडीने काचपट्टीवर फिरवून घेतला, त्याला रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही पाहू दिले. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मधोमध चिमटलेल्या निळ्या-जांभळ्या पेशींनी सगळे क्षेत्र भरलेले होते. ही तपासणी काही मिनिटांची असते, पण औषध तिच्यावर ठरते. यीस्टचे थेंब वेगळे, जिवाणूंचे वेगळे, आणि दंडाकृती जिवाणू दिसले तर स्यूडोमोनास या चिवट जिवाणूच्या शंकेने कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची चाचणी, करणे भाग पडते. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे न पाहता थेंब घालणेही धोक्याचे असते, कारण काही प्रतिजैविके पडद्यापलीकडे पोहोचली तर ऐकण्याची शक्ती जाऊ शकते. घरात उरलेली जुनी बाटली काढून काम भागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता खरी मेख. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते की यीस्ट आणि जिवाणू हे सहसा मूळ दुखणे नसते. ते संधी साधून आलेले पाहुणे असतात. मूळ दुखणे बहुतेक वेळा त्वचेच्या ॲलर्जीचे असते, मग ती धुळीतल्या माइट्सची, म्हणजे अतिसूक्ष्म किड्यांची असो, परागकणांची असो की अन्नातल्या एखाद्या प्रथिनाची, आणि कानाची नळी ही त्वचेचेच आत वळलेले अस्तर असल्यामुळे ती सर्वांत आधी तिथे दिसते. वैद्यकीय दृष्ट्या हे अगदी बरोबर आहे. विम्याच्या फाइलमध्ये मात्र हेच सत्य मालकाच्या अंगावर येते. कंपनीच्या पहिल्या पत्रात ‘कान व तत्संबंधी त्वचाविकार’ असे शब्द होते, म्हणजे उजव्या कानातल्या त्या किंचित लालीच्या जोरावर उद्या पोटावरचे पुरळ, पंजे चाटणे, ओठांच्या घडीतला दाह आणि ॲलर्जीवरची महागडी औषधे हे सगळेच वगळता आले असते.

मी रीतसर तक्रार केली. डॉक्टरांनी पत्र दिले की त्या भेटीत कोणतेही निदान झाले नव्हते, आणि पिल्लाच्या कानातली लाली खाजवण्यापासून कानातल्या माइट्सपर्यंत कशानेही येऊ शकते. त्यावर उत्तर आले की पॉलिसीत निदानाची अट नाही, लक्षण नोंदलेले असणे पुरेसे आहे. दुर्दैवाने हे खरे आहे. व्याख्यांच्या पानावर ते स्पष्ट छापलेले आहे आणि बहुतेक विमा कंपन्यांच्या व्याख्या याच धर्तीच्या असतात. पुढच्या पायरीवर मी कानाचा हट्ट सोडला आणि फक्त व्याप्तीवर भांडले. एका कानातल्या लालीवरून संपूर्ण त्वचा वगळण्यास वैद्यकीय आधार काय, तो लेखी द्यावा, एवढीच मागणी केली. कित्येक स्मरणपत्रांनंतर सुधारित प्रमाणपत्र आले आणि त्यात वगळलेला विकार म्हणून केवळ ‘बाह्यकर्णदाह’ असा उल्लेख होता. त्वचा वाचली. असे पत्र आलेल्या प्रत्येकाने प्रथम वगळणुकीचे शब्द अरुंद करून घ्यावेत, दाव्याच्या रकमेसाठी नंतर भांडावे. रक्कम एका बिलाची असते, शब्द जन्मभराचे असतात.

इथपर्यंतचा मजकूर मी तेव्हाच लिहून ठेवला होता आणि शेवटी एकच तारा द्यायचे ठरवले होते. मग डोळ्याचे प्रकरण उपटले.

एके दिवशी सकाळी बंटीच्या एका डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गुळगुळीत, लालबुंद गोळा बाहेर डोकावताना दिसला. यालाच चेरी आय म्हणतात. तिसऱ्या पापणीच्या मुळाशी असलेली अश्रुग्रंथी जागेवरून सुटून वर येते, आणि स्पॅनियलमध्ये हे बहुधा लहान वयातच घडते. पूर्वी ही ग्रंथी सरळ कापून टाकत असत. पण डोळ्यातल्या अश्रूंचा साधारण एक तृतीयांश, किंबहुना त्याहूनही अधिक भाग तीच पुरवत असल्यामुळे ती काढलेल्या कुत्र्यांना पुढे कोरड्या डोळ्यांचा विकार जडण्याची भीती असते, आणि कॉकर त्या विकाराकडे आधीच झुकलेला असतो. म्हणून आता खिसा करून ग्रंथी पुन्हा आत शिवून टाकतात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवून एक मिनिट धरली आणि ती किती भिजते ते मोजले. पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजली तर ठीक, दहाच्या खाली राहिली तर काळजी. कोरडा डोळा एकदा जडला की सायक्लोस्पोरिनचे मलम बहुतेक वेळा जन्मभर घालावे लागते, म्हणून ही मोजणी आधीच नोंदलेली असणे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते, आणि विम्याच्या दृष्टीनेही.

पूर्वमंजुरीचा अर्ज मी भांडणाच्या तयारीनेच भरला होता. आनुवंशिक म्हणून, जन्मजात म्हणून, नाहीतर उजव्या कानाच्या शेजारी डोळा येतो म्हणून, काही ना काही कारण निघेल अशी खात्री होती. मंजुरी कोणताही प्रश्न न विचारता आली, आणि वजावट, म्हणजे आधी मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम, वगळून उरलेल्या खर्चाचा ऐंशी टक्के भाग थेट दवाखान्याला चुकता झाला. त्याच पॉलिसी वर्षात दुसऱ्या डोळ्यातही तेच झाले, आणि या विकारात ते नवलाचे नाही. या वेळी त्या दोन-बाजूंच्या कलमाने मला चकित केले. पहिला डोळा संरक्षणाच्या काळात बिघडला असल्यामुळे दुसरा डोळा हा त्याच आजाराचा पुढचा भाग धरला गेला आणि वजावट पुन्हा लागली नाही. ज्या कलमाने कान बुडवला त्याच कलमाने डोळा तारला. अर्थात दोन्ही डोळ्यांना मिळून त्या आजाराची मर्यादाही एकच होती, पण ती पुरेशी निघाली. तेव्हापासून मी कंपनीला दुष्ट म्हणणे सोडले आहे. ती आंधळी आहे. तिला फक्त तारीख दिसते.

म्हणून या पॉलिसीचा जो काही फायदा आहे तो पिल्लू कोरे असताना ती घेण्यातच आहे. आजारपणाचा प्रतीक्षा काळ पुष्कळ ठिकाणी दोन आठवड्यांच्या आसपास असतो, तर गुडघ्याच्या अस्थिबंधासाठी आणि नितंबाच्या सांध्यासाठी तो काही कंपन्यांत अनेक महिन्यांचा असतो. लसीकरण त्यासाठी पुढे ढकलणे वेडेपणाचे आहे, आणि डॉक्टरांना ‘हे लिहू नका’ म्हणणे मला हलकेपणाचे वाटते. पुढचा उपचार त्याच नोंदींवर उभा असतो. पण प्राणी ठणठणीत असताना केलेल्या तपासणीत ‘दोन्ही नळ्या स्वच्छ, पडदे शाबूत, हृदयात मर्मर नाही, गुडघ्याच्या वाट्या जागेवर’ असे स्पष्ट लिहून मागण्यात काहीच गैर नाही. (मर्मर म्हणजे ठोक्यांबरोबर ऐकू येणारा हृदयातला जादा आवाज.) आमच्या कागदावर डाव्या कानाबद्दल त्या दिवशी एक अक्षरही नव्हते, आणि त्या मौनाचा अर्थ कंपनीने आपल्या सोयीने लावला.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल पाळणाऱ्यांना तर ही हृदयाची ओळ आमच्या कानापेक्षा महाग पडते. त्या जातीत हृदयातल्या मायट्रल झडपेचा विकार इतका सर्रास आहे की वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्यांत मर्मर ऐकू येते, आणि एकदा ती नोंदली गेल्यावर घेतलेली पॉलिसी हृदयासाठी निरुपयोगी असते. इंग्लिश कॉकरमधला आनुवंशिक मूत्रपिंडाचा विकार आणि दृष्टिपटल झिजण्याचा विकार यांसाठी डीएनए चाचण्या उपलब्ध आहेत. पिल्लू घेतानाच त्याच्या आईवडिलांचे अहवाल मागावेत, म्हणजे विम्यावर तेवढा भार उरत नाही. ज्या पॉलिसीत प्रत्येक आजाराला फक्त बारा महिने पैसे मिळतात, ती स्पॅनियलसाठी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण या जातींची दुखणी बारा महिन्यांत संपणारी नसतात.

आता पैशाचा हिशेब, कारण माझा जीव शेवटी तिथेच अडकतो. कानदाहाच्या एका साध्या फेरीचा खर्च, म्हणजे तपासणी, काचपट्टी आणि थेंब, आमच्या वजावटीच्या आसपासच असतो. त्यामुळे फेटाळलेल्या दाव्याने मी फारशी बुडाले नाही. बुडण्याची भीती पुढची आहे. वारंवार दाह झाला की नळीचे अस्तर जाड होते, कूर्चेत कॅल्शियम साचते, वाट बंद होते आणि थेंब आत पोहोचतच नाहीत. मग संपूर्ण नळी काढून मध्यकर्णाची पोकळी साफ करण्याची शस्त्रक्रिया उरते. चेहऱ्याची नस तिथून अगदी जवळून जाते, त्यामुळे ते काम तज्ज्ञाचे आणि त्याच मोलाचे असते, आणि या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणाऱ्या जातींत कॉकर ठळकपणे दिसतो. स्पॅनियलच्या ज्या एका खर्चासाठी मी विमा घेतला असता, नेमका तोच माझ्या पॉलिसीत नाही.

त्यामुळे कानाचा विमा आता मी हातानेच उतरवते. डॉक्टरांनी दिलेले द्रावण नळी भरेपर्यंत ओतायचे, कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचे, आतून पचपच आवाज आला पाहिजे, मग त्याला मनसोक्त डोके झटकू द्यायचे आणि बाहेर आलेला मळ कापसाने टिपायचा; काडी आत घालायची नाही. पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे ठेवले आहे, म्हणजे पाळ्या बाहेर राहतात. आंघोळीनंतर आणि पोहल्यानंतर कान कोरडे करणे सक्तीचे. अन्नाची ॲलर्जी तपासण्यासाठी आठ आठवडे एकाच ठरावीक आहारावर ठेवले, त्याचा खर्च अर्थातच कंपनी देत नाही. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बंटी भुलीखाली असताना डॉक्टरांनी कानाच्या तोंडाशी आलेले केस कातरले होते. बिलातली ती क्षुल्लक ओळ कंपनीने ‘सौंदर्यनिगा’ म्हणून वजा केली. एवढ्या मोठ्या रकमेतून एवढीशी रक्कम कापताना कोणाला तरी बसून तो शेरा टंकावा लागला असेल, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

नूतनीकरणात हप्ता जवळजवळ पावपट वाढला, आणि ठरावीक वयानंतर आपला हिस्सा वीसवरून पस्तीस टक्के होईल असे कोष्टकात आहे. पॉलिसी सोडली तर दोन्ही डोळे नव्या कंपनीत ‘आधीपासूनचे’ ठरतील, त्यामुळे सोडण्याची सोय नाही. मी वजावट वाढवून हप्ता खाली आणला आणि वाचलेला फरक कानाच्या नावाने वेगळा ठेवते. पाचपैकी तीन तारे, त्यांतले दोन डोळ्यांचे.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. लक्षणे आणि उपचार यांशिवाय ठरावीक काळ गेला तर वगळलेल्या विकाराचा फेरविचार होऊ शकतो, असे पॉलिसीत एक कलम आहे, आणि बंटीचा कान सध्या स्वच्छ आहे. मात्र तो स्वच्छ आहे तो द्रावणाने धुतल्यामुळे. नियमित सफाई हाही उपचार धरला जाईल का, असे मी लेखी विचारले, तर ‘प्रकरणागणिक निर्णय घेतला जाईल’ एवढेच उत्तर आले आहे.