जंगलातील केबिनचे आरक्षण कोणाकडूनही विकत घेऊ नका

गेल्या ऑक्टोबरात माझी आणि माझ्या आई-बाबांची जी फसवणूक झाली, ती मी तपशिलाने लिहीत आहे, कारण ज्या पद्धतीने ती झाली ती पद्धत अजूनही चालू आहे. आई-वडील अमेरिकेत आले की त्यांना एखादी रात्र डोंगरात, झाडांमध्ये न्यावे असे वाटणारी मराठी कुटुंबे इथे पुष्कळ आहेत, आणि नेमक्या त्याच इच्छेवर हा डाव रचलेला आहे.

आम्ही सिएटलजवळ राहतो. बाबा मेळघाटात वनपाल होते आणि सिपना नदीकाठच्या कोलकासच्या विश्रामगृहाच्या आठवणी त्यांच्या बोलण्यात आजही रोज येतात, त्यामुळे इथे आल्यापासून त्यांना शहरापेक्षा इथले जंगल पाहण्याची ओढ होती. इथली राष्ट्रीय वने ही नॅशनल पार्कपेक्षा वेगळी आहेत. ती कृषी खात्याच्या अखत्यारीतील, १९०५ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत, आणि त्या खात्याने आपल्या जुन्या गस्तीच्या चौक्या व वणव्यावर नजर ठेवण्यासाठी बांधलेले मनोरे अनेक ठिकाणी लोकांना मुक्कामासाठी भाड्याने दिलेले आहेत. मी पश्चिम मोंटानातील लोलो राष्ट्रीय वनातील अशी एक लाकडी केबिन हेरून ठेवली होती. ऑगस्ट १९१० मध्ये याच पट्ट्यात, आयडाहो आणि मोंटानात, दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि त्यानंतर टेहळणीच्या मनोऱ्यांचे जाळे वाढत गेले, हे बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी नकाशा मागवून घेतला आणि तो दोन दिवस समोरून हलू दिला नाही.

या केबिनींचे आरक्षण 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या सरकारी संकेतस्थळावर होते आणि बहुतेक ठिकाणी ते सहा महिने आधी उघडते. मी सप्टेंबरात शोधू लागलो तेव्हा ऑक्टोबरातले सगळे शनिवार-रविवार गेलेले होते. तेवढ्यात मोबाइलवरील आमच्या भागातल्या भारतीयांच्या एका गटात संदेश आला: त्याच केबिनचे तीन रात्रींचे आरक्षण आहे, घरात अडचण आल्यामुळे जाता येत नाही, मूळ किमतीलाच देत आहे. मी मराठी असल्याचे माझ्या नावावरून त्याला कळले असावे. पुढचे संदेश त्याने मराठीत लिहिले, आणि त्यातले एक वाक्य मला अजून टोचते: 'आई-बाबांना घेऊन जा दादा, त्यांना फार आवडेल.'

त्याचे खोटे खऱ्या नियमावर उभे होते, म्हणून ते पटले. येण्याच्या तारखेला चौदा दिवस किंवा त्याहून कमी उरले असताना केबिन रद्द केली तर दहा डॉलर शुल्क आणि पहिल्या रात्रीचे भाडे बुडते. 'ते बुडण्यापेक्षा आपल्या माणसाला द्यावे,' असे तो म्हणाला. केबिनबद्दल तो जे जे सांगत होता तेही बरोबर होते: आत लाकडाची शेगडी आहे, वीज आणि नळाचे पाणी नाही, पाणी व अंथरूण-पांघरूण आपणच न्यायचे, शौचालय बाहेर आहे, अस्वलांमुळे खाण्याचे सामान उघड्यावर ठेवायचे नाही. इतके बारकावे ठाऊक असलेला माणूस तिथे जाऊन आलेलाच असणार, असा मी अर्थ लावला. वास्तविक यातला प्रत्येक शब्द त्या केबिनच्या सरकारी पानावर सर्वांसाठी लिहिलेला आहे आणि छायाचित्रेही तिथलीच आहेत. माहिती असणे म्हणजे हक्क असणे नव्हे, एवढा साधा फरक त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

बाबांच्या मात्र आला होता. मी उत्साहाने सगळे सांगत असताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "परवाना कोणाच्या नावावर आहे?" त्यांच्या नोकरीच्या काळात विश्रामगृहाच्या नोंदवहीत ज्याचे नाव असेल त्यालाच किल्ली मिळत असे. मी म्हणालो, "बाबा, इथे सगळं ऑनलाइन असतं, नाव बदलून मिळतं." हे मी कुठेही तपासलेले नव्हते. ते पुढे काही बोलले नाहीत.

एका रात्रीचे ६५ याप्रमाणे तीन रात्रींचे १९५ आणि आरक्षणाचे ८, असे २०३ डॉलर मी बँकेच्या अ‍ॅपमधून थेट त्याच्या खात्यात पाठवले. त्यानंतर माझे नाव असलेले आरक्षणपत्र ईमेलने आले. ते हुबेहूब दिसत होते, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या शेवटी सरकारी पत्त्यांना असणारे 'गव्ह' नव्हते. हे मी नंतर पाहिले, तेव्हा पाहिले नाही. दोन दिवसांनी त्याने किल्लीची अनामत म्हणून आणखी १५० डॉलर मागितले आणि तेही मी दिले. त्यानंतर त्याने कुलपाचे चार आकडे कळवले. ज्या कुलपाला आकडे लागतात त्याला किल्लीची अनामत कशासाठी, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

सिएटलहून मोंटानातील मिझुला शहरापर्यंत सुमारे पावणेपाचशे मैल आहेत आणि वाटेत घड्याळ एक तास पुढे जाते. सकाळी निघून आम्ही संध्याकाळी शेवटच्या खडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजेड उतरत होता. लार्चची झाडे पिवळी पडली होती. सूचिपर्णी झाडाची पानगळ बाबांनी कधी पाहिलेली नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी मी दोनदा गाडी थांबवली. वळणावरून केबिन दिसली आणि तिच्या धुराड्यातून धूर निघत होता. आईला वाटले, आपण येणार म्हणून कोणी शेगडी पेटवून ठेवली आहे.

दार एका वयस्कर गृहस्थांनी उघडले. आत त्यांच्या दोन नाती जमिनीवर पत्ते मांडून बसल्या होत्या. मी माझे आरक्षणपत्र पुढे केले. त्यांनी ते नीट वाचले आणि काहीही न बोलता आपल्या फोनवर त्यांचे आरक्षण उघडून दाखवले. तीच केबिन, त्याच तीन रात्री, त्यांचे नाव. मला मिळालेले चार आकडे त्यांनी मोठ्याने वाचले आणि मान हलवली. बाबा त्या वेळी माझ्या मागे हातात पाण्याचा वीस लिटरचा कॅन घेऊन उभे होते, आणि मला वळून त्यांच्याकडे पाहवेना.

त्या गृहस्थांनी आम्हाला आत बसवले, आईला शेगडीजवळची खुर्ची दिली आणि गरम कोको दिला. टेबलावर मुक्कामाला येणाऱ्यांची नोंदवही होती. बाबांनी परवानगी घेऊन ती उघडली आणि वर्षभरात येऊन गेलेल्यांची नावे, बर्फ किती होता, कोणता प्राणी दिसला, हे सगळे चष्मा लावून वाचले. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे त्या माणसाला जाब विचारणेही शक्य नव्हते. अंधारात तोच खडीचा रस्ता उतरून आम्ही मिझुलात आलो आणि रात्री दहानंतर एका मोटेलमध्ये खोली मिळाली. संध्याकाळी थंडीत बाहेर उभे राहिल्यामुळे आईचे गुडघे पुढे चार दिवस दुखत होते. गेलेल्या पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

बँकेने पैसे परत करण्यास नकार दिला. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले तर कायदा संरक्षण देतो, परंतु मी स्वतःच्या हाताने पाठवलेली रक्कम त्यात बसत नाही, असे तिने कळवले. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे मी तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत.

ज्यांना जायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हे आरक्षण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. ज्याच्या नावाने ते आहे त्याने स्वतः मुक्कामाला हजर असावे लागते. त्यामुळे विकणारा माणूस प्रामाणिक आहे का, मराठी आहे का, किंमत वाजवी आहे का, हे पाहण्याचे कारणच उरत नाही. सरकारी संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात प्रवेश करून आरक्षण दिसते का ते पाहावे, आणि तिथे नसेल तर ते तुमचे नाही, मग हातात कितीही सुंदर कागद असो. एखाद्याला खरोखरच जाता येत नसेल तर त्याने रद्द केलेल्या तारखा पुन्हा त्याच संकेतस्थळावर येतात, म्हणून तिथेच पुन्हा पुन्हा पाहत राहावे. शंका असल्यास त्या भागातील रेंजर कार्यालयात फोन करावा. नंतर मी फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत हा नियम सांगितला, आणि ती दोन मिनिटे मी आधी खर्च केली नव्हती.

आई-बाबा नोव्हेंबरात अमरावतीला परतले. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका गटात तीच जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा आली आहे, ख्रिसमसच्या आठवड्यातील चार रात्रींसाठी. दाराशी लाकडांची थप्पी आणि पायरीवर निळी बादली असलेले छायाचित्रही तेच आहे.