माल्टा, गाडी न घेता: मुक्काम स्लीमात की व्हॅलेटात?

माल्टाला सहकुटुंब जायचं आणि गाडी भाड्याने घ्यायची नाही, एवढं ठरलं की बस की टॅक्सी हा प्रश्न दुय्यम. आधी ठरवायचा तो मुक्काम. बेट जेमतेम 27 किलोमीटर लांब, त्यामुळे कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो, असं नकाशा बघून वाटतं. पण फरक पडतो, आणि तो अंतराचा नाही. बसमध्ये तुम्ही कुठल्या थांब्यावर चढता, त्याचा आहे.

स्लीमाची, म्हणजे राजधानी व्हॅलेटाच्या समोर खाडीपलीकडे असलेल्या गावाची, बाजू आधी. पोरंबाळं सोबत असताना स्लीमा खरोखर सोयीचं आहे. समुद्रालगतचा रस्ता सपाट, बाबागाडी एका हाताने ढकलता येते, सुपरमार्केट पायाशी, लिफ्टच्या इमारतीत स्वयंपाकघरासह फ्लॅट सहज मिळतो. व्हॅलेटाला जायला बस धरूच नका. ती गझीरा, इम्सीदा असा खाडीला वळसा घालत जाते आणि गर्दीच्या वेळी अर्धा तास खाते. फेरीबोट तीच खाडी दहा मिनिटांच्या आत ओलांडते. मात्र ती लागते व्हॅलेटाच्या मार्सामशेट बंदराच्या बाजूला, आणि तिथून गावात जायला खडा चढ आहे. वारा सुटला की बोट बंद राहते, हेही गृहीत धरा. पोहायचं म्हणाल तर स्लीमाचा किनारा खडकाचा. शिडी धरून थेट खोल पाण्यात उतरावं लागतं, लहान मुलांना त्याचा उपयोग नाही. वाळूसाठी उत्तरेला मेल्लिहाच्या खाडीवर जायचं, आणि तिकडे नेणारी बस 222.

माझं घोडं अडलं ते याच बसवर. 222 सुटते स्लीमाच्या फेरी धक्क्यावरून, आणि तिथेच निम्मी-अधिक भरते. आपला फ्लॅट मात्र बहुधा टॉवर रोडला किंवा पुढे बालूटाच्या अंगाला असतो, कारण चांगल्या जागा तिकडे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला अशा मधल्या थांब्यावर काय होतं, ते नीट लक्षात घ्या. बस लांबून दिसते, आपण एसटीला करतो तसा हात करतो (माल्टातही हात करावाच लागतो, नुसतं उभं राहून बस थांबत नाही), आणि जवळ आल्यावर कपाळावरच्या पाटीवर नंबराऐवजी बस भरल्याची अक्षरं दिसतात. चालक तळवा हलवून पुढे निघून जातो. चूक त्याची नाही. उभ्या प्रवाशांची संख्या ठरलेली आहे. एकटा माणूस मागच्या बसमध्ये कसाही शिरतो. चौघं आणि एक बाबागाडी असली की दोघांची जागा असूनही उपयोग नसतो. पुढची बसही तशीच आली तर पाऊण तास गेला, सावली नसलेल्या थांब्यावर, आणि मुलं किनारा दिसायच्या आधीच कंटाळलेली. एका आठवड्यात हे दोन-तीनदा घडलं की सपाट रस्त्याचं आणि लिफ्टचं कौतुक ओसरतं. निदान माझं तरी ओसरलं.

व्हॅलेटात ही अडचण मुळातच येत नाही. वेशीबाहेर ट्रायटनच्या कारंज्याभोवती बसस्थानक आहे, आणि बेटावरच्या बहुतेक मुख्य बस तिथूनच सुटतात. रिकाम्या बसमध्ये चढायचं, बाबागाडी मधल्या जागेत लावायची, सगळ्यांना बसायला मिळतं. मेल्लिहा आणि पुढे चिरकेव्वाच्या धक्क्यासाठी (शेजारच्या गोझो बेटाची मोठी बोट तिथून सुटते) 41 आणि 42, रबात-इम्दीनासाठी 51, 52, 53, मार्साश्लोकसाठी 81 आणि 85, हाजार इम (Ħaġar Qim) इथल्या पुरातन मंदिरांसाठी 74, विमानतळासाठी एक्स 4. स्लीमातून दक्षिणेकडचं काहीही बघायचं तर जवळपास नेहमी इथेच येऊन बस बदलावी लागते. मग इथेच राहिलेलं काय वाईट?

वाईट आहे ते चढ-उताराचं. व्हॅलेटा एका लांबट टेकाडावर वसलेलं आहे. मधला रिपब्लिक स्ट्रीट आणि त्याला समांतर मर्चंट्स स्ट्रीट हे कण्यावरून जातात. त्यांना आडव्या जाणाऱ्या कित्येक गल्ल्या म्हणजे चक्क दगडी पायऱ्या. घरं जुनी, जिने अरुंद, लिफ्ट क्वचित. म्हणून खोली घेताना ती या दोन रस्त्यांच्या मध्ये, आणि वेशीकडच्या अर्ध्या भागात आहे का, एवढं बघा. सेंट एल्मो किल्ल्याकडे उतरत गेलात तर रोज संध्याकाळी सगळा चढ परत चढायचा. कितव्या मजल्यावर, हेही आधी विचारा. वाळूचा किनारा गावात नाही, आणि जेवण स्लीमापेक्षा थोडं महाग पडतं.

यावर मधला मार्ग म्हणजे फ्लोरियाना. वेशीबाहेरचं हे उपनगर बरंचसं सपाट आहे आणि स्थानकापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर. संध्याकाळी तिथे फारशी वर्दळ नसते, पण मुलं लवकर झोपणारी असतील तर ते बरंच.

व्हॅलेटाच्या बाजूने आणखी एक गोष्ट पडते, ती म्हणजे गोझो. स्लीमातून चिरकेव्वापर्यंत बसने तासाभराहून अधिक, मग 25 मिनिटांची मोठी बोट. व्हॅलेटातून 2021 पासून जलद बोट आहे, 45 मिनिटांत थेट गोझोच्या इम्जार बंदरात. ती सुटते अप्पर बराकाच्या बागेखालून, आणि बागेतून धक्क्यापर्यंत 58 मीटर उंचीची लिफ्ट असल्यामुळे बाबागाडी उचलावी लागत नाही. ईशान्येचा जोराचा वारा असेल तर ही बोट रद्द होऊ शकते. अशा दिवशी 41 धरून मोठ्या बोटीकडे जा. मोठ्या बोटीचं तिकीट जाताना काढायचं नसतं. परतताना इम्जारला पैसे घेतात, मोठ्यांना 4.65 युरो. गोझोतल्या बस व्हिक्टोरिया गावातून फुटतात आणि बऱ्याचशा तासाला एक, तेव्हा आधी परतीची वेळ बघून मगच किनाऱ्यावर उतरा.

परतीचा प्रश्न मात्र दोन्ही मुक्कामांना सारखाच. संध्याकाळी पाचला मेल्लिहाच्या खाडीवर येणारी बस चिरकेव्वालाच भरलेली असते, कारण गोझो आणि कोमिनो या बेटांवरून परतणारी माणसं तिथे चढतात. दोन उपाय आहेत. साडेतीनलाच निघा. नाहीतर रस्ता ओलांडून उलट दिशेची बस पकडा, दहा-एक मिनिटांत चिरकेव्वाला पोचा आणि तिथून सुरुवातीलाच बसा. तिकीट दोन तास चालतं, त्यामुळे ते वाया जात नाही. फक्त बोट नुकतीच लागलेली असेल त्या क्षणी तिथे जाऊ नका.

पैशांचं थोडं गणित, अलीकडच्या दरांवर. उन्हाळ्यात सुटं तिकीट 2.50 युरो. आठवड्याचं अमर्याद कार्ड मोठ्यांना 25 आणि 4 ते 10 वर्षांच्या मुलांना 15, म्हणजे चौघांचे 80. बारा फेऱ्यांचं कार्ड 19 युरोंना, आणि ते कुटुंबात वाटून वापरता येतं. माणसामागे एकदा टेकवायचं. चौघांना एका वेळी साधारण 6.30 युरो पडतात. म्हणजे आठवड्यात बारा वेळांपेक्षा कमी चढणार असाल तर अमर्याद कार्ड घेऊ नका. व्हॅलेटात राहिलं की रोज एक जाणं, एक येणं, एवढ्यावर भागतं आणि अर्धं गाव पायीच होतं. स्लीमात फेरीबोटीचे पैसे वेगळे, कारण ही कार्डं तिथे चालत नाहीत.

ॲपवरची टॅक्सी दोन्हीकडे लगेच मिळते. पहाटेचं विमान असेल किंवा मूल झोपून गेलं असेल तर बिनदिक्कत घ्या. मुलाची खुर्ची मात्र गाडीत असेलच असं नाही. आणि रोजच टॅक्सी करायची असेल, तर ती व्हॅलेटात नेमकी दारापर्यंत येत नाही. आतले बरेच रस्ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहेत.

मूल अगदी तान्हं असेल आणि दिवसातून दोनदा खोलीवर परतावं लागत असेल, तर स्लीमा घ्या, पण फेरी धक्क्यापासून चालत पाच मिनिटांच्या आतलं. चालणारी मुलं असतील तर माझा कल व्हॅलेटाकडे, त्यातही वेशीलगत. सामान आणताना चाकांच्या मोठ्या बॅगेऐवजी पाठीवरच्या पिशव्या आणि छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी आणा. व्हीलचेअरवरचा प्रवासी चढला की बसमधली ती मधली जागा त्याची असते, आणि बाबागाडी एका हाताने मिटवता आली पाहिजे.