वाइन न पिणाऱ्यांनीही जावं असं दिंडोरीचं शेतघर

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. साडेतीन एकर बाग, त्यातला निम्मा माल बेदाण्याला जातो. पोरगी नोकरीला नाशिकात असते. यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिनं आम्हा दोघांची तीन दिवसांची सहल ठरवली. पहिला दिवस एका मोठ्या वायनरीत आणि पुढच्या दोन रात्री दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेतघरात. बायको माळकरी आहे. "दारूच्या कारखान्यात मला कशाला नेताय?" हा तिचा पहिला प्रश्न. तिच्यासारखे बरेच जण असतील, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वायनरीचं आधी उरकतो. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाही, दाखवण्याच्या पद्धतीची आहे. इमारत सुंदर, स्वच्छता उत्तम, स्वागत चांगलं. स्टीलच्या उंच टाक्या, त्यांना बाहेरून थंड ठेवणारं आवरण, तळघरात ओकच्या लाकडाची सव्वादोनशे लिटरची पिंपं. तिथं एक गोष्ट मी नव्यानं शिकलो. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा जवळपास पांढराच असतो, रंग सालीत असतो. रेड वाइनला साल रसाबरोबर आंबवतात, व्हाइटला आधीच बाजूला काढतात. चाळीस वर्षं द्राक्षात घालवून हे मी कधी पिळून पाहिलं नव्हतं.

पण माहिती सांगणाऱ्या मुलाला मी छाटणीचं विचारलं, तर तो म्हणाला, वर्षातनं एकदा. पडद्यावर फ्रान्समधल्या बागा दाखवल्या, बर्फात झोपलेल्या वेली दाखवल्या. आपल्याकडं वेल झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी घेऊन, म्हणजे जुनी काडी छाटून, नवी काडी तयार करायची, पावसाळाभर ती पिकवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी घ्यायची, तेव्हा कुठं जानेवारी-फेब्रुवारीत माल येतो. वर्षाला दोन छाटण्या आणि पीक एक. नाशिकच्या वाइनचं सगळं वेगळेपण यातच आहे, आणि पाहुण्याला नेमकं तेच सांगितलं जात नाही. द्राक्षं कुणाची, तर "आमच्या शेतकऱ्यांची", एवढं म्हणून तो पुढच्या टाकीकडं वळला. तिकिटात चव घेणं धरलेलं होतं. बायकोच्या वाट्याला डब्यातला रस आला, तोही द्राक्षाचा नव्हता.

आता शेतघर. दिंडोरीपासून आत, डांबरी रस्ता संपल्यावर दोन किलोमीटर. जोडपं चाळिशीतलं. जमीन सहा एकर. चार एकर थॉमसन, खाण्याच्या मालाची, निर्यातीसाठी. दीड एकर वाइनची, शिराझ आणि शेनिन ब्लाँ. उरलेल्यात भाजीपाला, एक शेततळं आणि तीन खोल्या. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्यानंतर नोंदणी करून बांधलेल्या. भिंती विटांच्या, वर कौलं, आत पलंग, टेबल आणि खिडकी. खिडकी बागेकडं उघडते, एवढीच सजावट. दोघांचे एका रात्रीचे चार हजार, दोन जेवणं आणि नाश्ता धरून.

पहिल्या संध्याकाळी मन थोडं खट्टू झालं. जेवायला पनीरची भाजी, तंदुरी रोटी, जिरा राईस. इतक्या लांब येऊन हे खायचं होतं तर सांगलीत काय वाईट होतं? बायकोनं मालकिणीला सरळ विचारलं, "वहिनी, तुम्ही स्वतः काय जेवला?" त्या म्हणाल्या, "आम्ही भाकरी खाल्ली, काकू. शहरातल्या पाहुण्यांना नाही आवडत." दुसऱ्या दिवसापासून आम्हाला तेच वाढा म्हटलं. मग जेवण आलं सुरगाण्याकडच्या एका बाईंच्या हातचं. बागेच्या कामाला सुरगाणा-पेठ भागातनं टोळ्या येतात, त्यातल्या एका टोळीतल्या या बाई. नागलीची, म्हणजे नाचणीची, मऊ, काळसर भाकरी, सालासकट उडदाचं घट्ट वरण, त्यावर लसणाची फोडणी आणि खुरासणीची चटणी. ही चटणी आम्ही कारळ्याची म्हणून खातो, पण इतकी तिखट-खमंग नाही. बायकोनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. या स्वयंपाकाची त्या बाईंना रोजाच्या वर वेगळी मजुरी मिळते, ते मी मालकांना विचारून घेतलं. त्यांनी हजेरीची वही आणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दार वाजलं. शिराझची तोडणी होती. थंडी कडक, टोळीतल्या बायामाणसांच्या कपाळाला बॅटऱ्या बांधलेल्या. ऊन चढायच्या आत माल तोडून वायनरीत पोचवायचा असतो. गरम झालेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. पाहुण्यांच्या हातात कात्री देतात, पण अर्ध्या तासापुरतीच आणि एका ठरलेल्या ओळीत. हे मला आवडलं. आमच्यासाठी कुणाचं काम अडलं नाही.

घड हातात घेतला आणि जीव कसानुसा झाला. आमच्याकडं असा घड विरळणीत, जास्तीचे घड काढतानाच, खाली गेला असता. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. आम्ही मण्याच्या फुगवणीसाठी जीए या संजीवकाच्या बुडवण्या देतो, गर्डलिंग करतो, म्हणजे सालीचं कडं काढतो, मणी जितका मोठा तितका भाव. इथं सगळं उलटं. मणी लहान तर सालीचं प्रमाण जास्त, म्हणून रंग आणि चव जास्त. फुगवण केली तर माल वाया. मालक म्हणाले, "काका, याला वाढू द्यायचं नसतं, आवरायचं असतं. एकरी चार-पाच टनांच्या वर माल जाऊ दिला की वायनरीवाले तोंड वाकडं करतात." मी त्यांच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाची गोडी मोजायच्या यंत्रावर, दोन थेंब पिळले. ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, तेवीस. आमचा खाण्याचा माल अठरावर तोडायला लागतो. खाऊन पाहिलं तर आधी गोड, मग आंबट, आणि साल चावली की तुरट.

ओळीतनं चालताना आमचं बोलणं भाषेवर गेलं. वेलीच्या एका बुरशीच्या रोगाला आम्ही दावण्या म्हणतो, ते डाऊनी म्हणतात. आमची फळछाटणी त्यांच्याकडं गोड्या बहाराची छाटणी. भुरी हा दुसरा रोग मात्र दोन्हीकडं भुरीच. ज्यावर कलम करतात तो खुंटही दोन्हीकडं तोच, डॉगरिज.

मग मी माझी गोष्ट सांगितली. २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि आमच्या पलूसला वाइन पार्क जाहीर झाले. त्या लाटेत मीही एक एकर कॅबरने ही वाइनची जात लावली होती. दोन वर्षं बरी गेली. २००८ ची मंदी आली, वाइनचा उठाव थांबला आणि एका कंपनीनं करार असूनही माल वेळेत उचलला नाही. वाइनच्या द्राक्षाचं वाईट हेच, कंपनीनं नाही घेतलं तर बाजारात कुणी खात नाही. मी वेली खुंटापर्यंत कापल्या आणि वरनं थॉमसनचं कलम केलं. त्या काळात नाशिककडंही कित्येकांनी हेच केलं. मालकांच्या वडिलांनीही. म्हणून यांनी पुन्हा वाइनची जात लावताना दीड एकरावरच थांबायचं ठरवलं. करारात दर आधी ठरतो, त्यामुळं त्या दीड एकराचा पैसा नक्की. चार एकर थॉमसन अवकाळीच्या हवाली. तीन खोल्या दोन्हींच्या आधाराला. मागं एका मार्चात पाऊस पडून थॉमसनचे मणी तडकले, त्या साली टोळीचा पगार खोल्यांच्या पैशातनं दिला, असं ते म्हणाले. मला हा हिशेब पटला. पर्यटन शेतीच्या जागी आणलेलं नाही, शेती उभी राहावी म्हणून बाजूला टेकू लावलाय.

बाकीही नीट पाहिलं. ठिबक सगळीकडं, ओळींत उसाच्या पाचटाचं आच्छादन. वायनरीतनं साली-बियांचा चोथा परत आणतात आणि शेणखतात कुजवून बागेला देतात. न्हाणीघराचं पाणी केळीला जातं. पाहुण्यांना अंघोळीला बादलीच, शॉवर नाही. एप्रिल-मेमध्ये शेततळ्यातलं पाणी वेलीला पुरवायचं असतं, असं कारण खोलीत लिहून लावलंय. शेजारच्या खोलीतल्या मुंबईच्या कुटुंबानं यावर कुरकुर केली. मला ती पाटी इथल्या सगळ्या सोयींपेक्षा जास्त भावली.

शेतघरात वाइन विकत नाहीत, त्याला परवाना लागतो. ज्यांना हवी ते वायनरीतनं घेऊन येतात. आपल्याच ओळीतलं शिराझ ज्या वायनरीत जातं, तिथली बाटली मालकांनी जेवताना उघडली. मी अर्धा पेला घेतला. ७५० मिलीच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं म्हणे. किलोभर बेदाण्याला चार किलो लागतं, हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ आकडेमोड करत बसले. बायकोसाठी वहिनींनी शेनिनचे घड हातानं पिळून रस गाळून दिला. वायनरीत न मिळालेली गोष्ट ती हीच.

खोटं कशाला लिहू, उणिवाही आहेत. रात्री गरम पाणी नाही, सकाळी बंबावर तापवतात. वयस्कर माणसांसाठी न्हाणीची पायरी उंच आहे. शेवटच्या दोन किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात छोट्या गाडीला जमणार नाही. आणि वहिनींचा बेदाणा. पाहुण्यांना विकायला त्यांनी घरी केलेला, पण काळपट आणि चिकट. उन्हात वाळवलेला. बायकोनं त्यांना बसवून सगळं सांगितलं. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली डिपिंग ऑइल, घड त्यात दोन ते चार मिनिटं बुडवायचे, नंतर सावलीत रॅकवर पसरायचे, वारा खेळता हवा. रॅक कसा बांधायचा ते मी चुलीजवळच्या फरशीवर कोळशानं काढून दाखवलं. निघताना वहिनींनी रात्रीचे पैसे कमी करायला काढले. आम्ही ते घेतले नाहीत, नागलीचं दोन किलो पीठ घेतलं.

परतीच्या प्रवासात बायको एकच बोलत होती, आपल्या बेदाणा वाळवायच्या शेडला लोकांनी का येऊ नये? सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तासगावला बेदाण्याचे सौदे चालतात, फेब्रुवारी-मार्चात रॅकवर हिरवा-पिवळा माल पसरलेला असतो, आणि तो पाहायला व्यापाऱ्याशिवाय कुणी येत नाही. शेडजवळच्या जुन्या दोन खोल्यांची कौलं उन्हाळ्यात परतायची, असं आम्ही ठरवलंय.

शेतघराचं नाव इथं देत नाही. खोल्या तीनच आणि तोडणीच्या दिवसांत मालकांना फोन घ्यायला सवड नसते. ज्याला खरंच जायचंय त्यानं मला विचारावं, मी त्यांना विचारून नंबर देईन. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ धरा, स्वेटर न्या, पहाटे उठायची तयारी ठेवा आणि पनीर नको हे आधीच सांगा. सुरगाण्याच्या त्या बाई तोडणी संपली की मार्चात गावी परततात. भाकरी त्यांच्या हातची खायची असेल, तर त्याआधी जा.