वाड्याच्या तुळयांचे टेबल : चौदा महिन्यांनंतर

जुने सागवान आणि नैसर्गिक फिनिश (म्हणजे लाकडावर लावायचे तेल, मेण वगैरे) या दोन गोष्टींचे नाव हल्ली एका दमात घेतले जाते. दोन्ही चौदा महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. लाकडाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. फिनिशबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल.

पुण्यातल्या पेठेतला एक वाडा उतरवल्यावर निघालेल्या सहा तुळया मी जुन्या लाकडाच्या वखारीतून घेतल्या. प्रत्येक तुळई नऊ फूट लांब आणि पाच बाय सहा इंचांची, म्हणजे सगळ्या मिळून सव्वाअकरा घनफूट. घनफुटाला २,४०० रुपये या दराने २७,००० रुपये झाले आणि नव्या सागवानापेक्षा बरेच वाचले, असे समजून मी घरी आलो. प्रत्यक्षात भिंतीत गाडलेली कुजकी टोके, सांध्यांच्या कुसवांसाठी पाडलेल्या खाचा आणि कडेचे पांढरे लाकूड काढून टाकल्यावर हाती सात घनफूटच लागले, म्हणजे कामाचे लाकूड घनफुटाला ३,८५० रुपयांच्या पुढे गेले. शिवाय आत दडलेल्या एका खिळ्याने सॉ मिलमधल्या रंध्याचे पाते गेले आणि त्याची भरपाई माझ्याकडूनच घेतली गेली. वखारीतला भाव तुळईचा असतो. फळीचा हिशेब आपला आपणच करायचा असतो.

दोन तुळयांवर जुन्या ऑइलपेंटचे थर होते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. आमच्या मिस्त्रींना कोरडा पॉलिश पेपर मारायचा होता. मी तो रंग वखारीच्या अंगणात पाणी मारून खरवडून घेतला आणि निघालेला लगदा पिशवीत बांधून ठेवला. यात दीड दिवस गेला, पण घरात लहान मूल असताना याला दुसरा पर्याय मला दिसला नाही.

या लाकडातून साडेपाच बाय तीन फुटांचे जेवणाचे टेबल, एक बाक, पुस्तकांच्या चार फळ्या आणि स्वयंपाकघरात सिंकशेजारी एक फळी असे काम झाले. जुने लाकूड हलत नाही असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये मी टेबलाची रुंदी मोजली, तेव्हा तीन मिलिमीटरचा फरक आला. मिस्त्रींनी वरचा पाट पायांच्या चौकटीला जोडताना स्क्रूसाठी लांबट भोके पाडली होती, म्हणून तो फुगला तरी तडकला नाही. बाकाखालचा खण मात्र जुलैत असा अडकला, की तो दिवाळीपर्यंत उघडला नाही. चूक लाकडाची नव्हती. फट ठेवायला आम्ही विसरलो होतो.

आता फिनिशकडे येतो. टेबलाला घाण्याच्या जवसाच्या तेलाचे चार हात दिले आणि वर मधमाशीच्या मेणाचा एक हात दिला. जवसाचे तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते, त्यामुळे दोन हातांमध्ये आठवडाभर थांबावे लागले आणि घराला महिनाभर वास राहिला. याच क्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास तो आपोआप पेटू शकतो. त्या उघड्यावर पसरूनच वाळवाव्यात.

टेबलावर गरम पातेले ठेवले की पांढुरके वर्तुळ उमटते, कारण मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. फडक्याला थोडे मेण लावून घासले की पाच मिनिटांत ते जाते. पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) असते तर सगळा पाट तासून घ्यावा लागला असता. हळदीचा डाग गॅलरीतून येणाऱ्या उन्हाने काही दिवसांत फिका झाला. ओली लोखंडी कढई रात्रभर राहिली, तेव्हा पडलेले निळसर काळे कडे मात्र ऑक्झॅलिक आम्लाशिवाय निघाले नाही. दर तीन महिन्यांनी एक रविवार सकाळ या टेबलाला द्यावी लागते आणि आतापर्यंत मी ती कुरकुर न करता दिली आहे.

पुस्तकांच्या फळ्यांवर हेच तेल लावणे ही माझी चूक होती. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या खालच्या दोन फळ्यांवर श्रावणात काळे ठिपके दिसू लागले. दमट हवेत बुरशीला जवसाचे तेल हे खाद्यच असते. फळ्या धुऊन, वाळवून, तासून त्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, लावला. तोही नैसर्गिकच, पण तासाभरात वाळतो आणि त्यानंतर तिथे बुरशी आली नाही. जेवणाच्या टेबलावर चपडा मी लावणार नाही, कारण त्यावर पाणी आणि उष्णता या दोन्हींचे डाग पडतात.

तिसऱ्या महिन्यात बाकाखाली पिठासारख्या भुशाची लहानशी रास दिसली. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. ती लागली होती कडेला चुकून राहिलेल्या बोटभर पांढऱ्या पट्टीला. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरचे द्रावण अशा वेळी उपयोगी पडते, परंतु ते कोऱ्या लाकडातच मुरते आणि आम्ही तर तेल लावून बसलो होतो. शेवटी ती पट्टी कापून तिथे गाभ्याचा तुकडा बसवला. तुकड्याचा रंग अजून थोडा वेगळा दिसतो.

सिंकशेजारच्या फळीने एकच पावसाळा काढला. रोज भिजणाऱ्या जागी तेल, मेण आणि चपडा यांपैकी काहीही टिकले नाही आणि फळी कडेने काळी पडली. आता तिथे ग्रॅनाइट आहे, आणि ती फळी तासून दारामागे खुंट्या ठोकायला वापरली आहे.