हलकी म्हणून घेतलेली केस

गिटारची प्लायवूडची केस पाण्यात राहिली की आधी तिचे कोपरे उकलतात, मग झाकण बसेनासं होतं. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या अकोटा भागातल्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा बेस गिटार, म्हणजे खर्जाच्या सुरांची चार तारांची गिटार, मी माळ्यावर चढवली होती. तिची केस मात्र पलंगाखालीच राहिली. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना ती हाताला लागली. आतलं लाल मखमली अस्तर गाळाने राखाडी झालेलं, बिजागऱ्या गंजलेल्या. बाहेर मगर दिसल्याची बोंब चालू, घरात फ्रिज आडवा. त्यात माझं दुःख कोणाला सांगणार? "केस गेली गं," म्हटल्यावर बायको म्हणाली, "ते तर दहा वर्षांपूर्वीच गेले."

त्यानंतर जी केस घेतली तिच्याबद्दल हे लिहितोय. बेस, गिटार, काहीही पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांनी वाचावं, आणि विशेषतः "आपलाच माणूस आहे" म्हणून बिल न मागणाऱ्यांनी.

मी मकरपुऱ्यात एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. आलेला माल उघडून, मोजून, चलनाशी ताडून मगच आत घ्यायचा, हे गेली बावीस वर्षं माझं रोजचं काम. हे आधीच सांगून टाकतो, कारण रोज माल तपासणारा माणूस फसला कसा, हा प्रश्न पुढचं वाचताना तुमच्या मनात येणार आहे. उरलेल्या वेळात बेस वाजवतो. गणपतीत मराठी ऑर्केस्ट्रा, नवरात्रीत गरबा. गरब्यात बेस मुद्दाम कोणी ऐकत नाही, पण मधेच बंद पडला तर हजारो पायांना चुकल्यासारखं होतं. नऊ रात्री, आणि गाडी लावायची जागा मैदानापासून अर्धा किलोमीटर. माझी बेस सव्वाचार किलोची, जुनी केस साडेपाच; म्हणजे जवळजवळ दहा किलो एका हाताला. गेल्या वर्षी कमरेची नस धरली तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून दम भरलेला. त्यामुळे यंदा केस घ्यायची ती हलकीच, हे मनात पक्कं होतं. फसवणाऱ्याला आपल्या मनातलं एवढं कळलं की बास.

पूर गेल्यावर पंधरा दिवसांत शहरात सेलचं पीक आलं. गाद्या, कपाटं, मिक्सर, प्रत्येकाचंच काही ना काही गेलेलं. एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे समारंभांना भाड्याने देतात त्या मैदानावर, असंच प्रदर्शन लागलं होतं. आम्ही गाद्या घ्यायला गेलो आणि कोपऱ्यात वाद्यांचा स्टॉल दिसला. मुलांचे कीबोर्ड, युकुलेले, आणि मागे रांगेत लटकवलेल्या काळ्या चकचकीत केसेस. स्टॉलवरचा मुलगा तिशीचा असेल. सुरुवात हिंदीत केली, मग आमचं बोलणं कानावर पडताच चेहरा फुलला. "तुम्ही मराठी का? मग आधी नाही का सांगायचं काका! माझी आत्या दांडिया बाजारात असते."

बडोद्याच्या मराठी माणसाला हे वाक्य बरोबर लागतं. चार-पाच पिढ्या इथे गेल्या, घरात निम्मी गुजराती बोलतो, तरी कोणी शुद्ध मराठीत "काका" म्हटलं की आपण विरघळतो. मी विचारलंही, आत्या नेमकी कुठे? "त्या गणपतीजवळ," तो म्हणाला. दांडिया बाजारात कोणत्या गल्लीत गणपती बसत नाही? पण तेव्हा मला ते उत्तर पुरलं.

केस खाली काढली. वर विणल्यासारखी काळी नक्षी. "कार्बन फायबर, काका. दोन किलोला थोडी वर. वाजवून बघा." त्याने बोटांच्या पेरांनी ठोकलं, टक टक टक, अगदी कडक आवाज. मग केस उभी केली, धक्का देऊन गालिच्यावर पाडली, उघडून आतली गिटार काढली आणि सहा तारा छेडून दाखवल्या. सूर जागेवर. ती साधी गिटार होती, बेस नव्हे, आणि तिचं डोकं, म्हणजे मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, सरळ होतं, हे डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यात शिरलं नाही. मी केस दोन बोटांनी उचलली. खरं सांगायचं तर निर्णय कमरेनेच घेतला.

एमआरपी 14,900, "तुम्हाला" 6,800, घासाघीस करून 6,500. बिल विचारलं तर म्हणाला, पक्कं हवं तर टॅक्स वर लागेल, नाहीतर कार्डावर लिहून देतो. कार्डाच्या मागे रक्कम आणि तारीख लिहिली, सही केली. यूपीआयने पैसे गेले. मी लटकवलेली केस घ्यायला हात पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "हा डिस्प्लेचा पीस, सगळ्यांनी हाताळलेला. तुम्हाला सीलपॅक देतो." मागच्या टेम्पोतून खोका आला. वर दोन फेरे चिकटपट्टी, आत प्लास्टिकचं वेष्टन. बाहेर पावसाची भुरभुर आणि गाद्यांचा टेम्पोवाला घाई करतोय. खोका तसाच घरी आला.

ज्याने दिवसाला चाळीस खोके उघडल्याशिवाय सही केली नाही, त्याने हा एक उघडला नाही.

उघडला तो आठवड्याभराने. बेस आत ठेवली तर डोक्याकडे किंचित अडली. झाकण दाबून चेन लावावी लागली. नवी आहे, सैलावेल, असं मीच मला समजावलं. कारखान्यात असा माल मी त्याच गाडीने परत पाठवला असता.

नवरात्रीची तिसरी रात्र. स्टेजमागच्या तंबूत खांबाला टेकवून केस उभी होती. कोणाच्या तरी पायात वायर आली, वायर खांबाला लागली आणि केस पाठीवर पडली. आवाज असा काही झालाच नाही, नुसतं धप्प. दोघेजण हसले, "काका, हार्ड केस आहे ना?" मी चेन उघडली तर तारा सैल. चारही तारा एकदम सैल पडल्या की पुढे बघायचीही गरज नसते. नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी; तिच्या मागे, जिथून मान संपून डोकं सुरू होतं, तिथे लाकूड तिरकं फाटलं होतं आणि डोकं तारांच्या आधाराने लोंबत होतं.

त्या रात्री आमच्या कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस वाजवला. लोक नाचले. मला वाटलं होतं तेवढं कोणाचं अडलं नाही, हेही जरा लागलंच.

रावपुऱ्याच्या बाजूला एक म्हातारे चाचा वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी गिटारीकडे बघण्याआधी केसच हातात घेतली, अंगठ्याने मधोमध दाबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाई, आ तो पूठुं छे." पुठ्ठा! मी मानायला तयार नव्हतो. मग त्यांनी कटरने एक कोपरा कापला. वरची कार्बनची नक्षी म्हणजे मोटरसायकलींच्या टाक्यांवर लावतात तसलं स्टिकर, टोक धरून ओढलं की सरसर निघणारं. त्याखाली नालीदार पुठ्ठा, तोही कुठल्या तरी पंख्याच्या खोक्याचा. आतल्या बाजूला छापील खुणा जशाच्या तशा: वर जाणारे दोन बाण, एक छत्री, आणि काचेचा पेला. नाजूक माल, सांभाळून हाताळा. त्यामागे थर्माकोलचे तुकडे, सुटे, नुसते भरलेले, आणि त्यावर अस्तर. मी तो पेल्याचा तुकडा कापून घेतला. स्टॉलवर ठोकून दाखवलेली केस कशाची होती देव जाणे, पण ती ही नव्हती.

चाचांनी जे समजावलं ते तेव्हा माहीत असतं तर पुठ्ठ्याची केससुद्धा मी दुकानातच ओळखली असती. माझ्या बेसचं डोकं मागे झुकलेलं आहे. अशी गिटार पाठीवर ठेवली तर सगळ्यात खाली डोकंच येतं. म्हणून चांगल्या केसमध्ये मानेखाली एक ठोकळा असतो. भार मानेवर पेलला जातो आणि डोकं अधांतरी राहतं, कशालाच टेकत नाही. माझ्या केसमध्ये ठोकळाच नव्हता, डोकं थेट तळाला टेकलेलं. उभी केस पडते तेव्हा बुडाचा भाग जेमतेम हलतो आणि वरचं टोक सगळ्यात वेगाने येऊन आपटतं. त्यात बेसच्या चार तारा सुरात असताना मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ओढ लावत असतात. लाकडाला केसाएवढी चीर पडली की बाकीचं काम ताराच करतात. डोकं सरळ असलेल्या बेसला हा धोका बराच कमी. त्या मुलाने सरळ डोक्याची गिटार उगाच ठेवली नव्हती.

आणि लांबी. बेसची स्केल 34 इंच म्हणतात ती नटपासून ब्रिजपर्यंतची, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथपर्यंतची. पूर्ण बेस 46-47 इंच भरते. माझी साडेसेहेचाळीस, केस आतून मोजली तर सेहेचाळीस. म्हणजे मी चेन ओढून बंद केली तेव्हाच डोकं दाबलं जात होतं. केस घ्यायला जाताना टेप आणि जमलं तर बेसच घेऊन जा. दुकानदार कितीही हसला तरी गिटार आत ठेवा, झाकण न दाबता बंद होतंय ना बघा, आणि मानेखाली हात घालून डोक्यामागे पोकळी आहे का चाचपा.

वजनाचं म्हणाल तर हलकं आणि मजबूत दोन्ही मिळतं, पण अमुक एका हद्दीपर्यंत. प्लायवूडची बेस केस पाच-सहा किलो, कडक प्लास्टिकची त्याच्या आसपास किंवा थोडी कमी. ज्याला सेमी-हार्ड म्हणतात, म्हणजे आत कडक फोमचा साचा आणि वर कापड, ती अडीच ते साडेतीन किलो. जाड गादीची चांगली बॅग दीड ते अडीच. खरा कार्बन फायबरही असतो, पण त्या केसच्या किमतीत माझ्यासारख्या दोन बेस येतील. म्हणून दोन किलोची "हार्ड" केस साडेसहा हजारांत कोणी देत असेल, तर त्याला ती कशाची आहे एवढं तरी विचारा. थर्माकोल म्हटल्यावर नाक मुरडू नका, हेल्मेटच्या आतही तोच असतो. पण तो घट्ट, एकसंध, साच्यात फुगवलेला. नखाने खरवडला आणि दाणे सुटले तर तो फ्रिजच्या पॅकिंगचा. फोम असेल तर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. बोटं एकमेकांना भेटली तर त्यात फोम नाही, हवा आहे. बॅग असेल तर बुडाशी, जिथे पट्ट्याचं बटण टेकतं, तिथे रबराचा किंवा चामड्याचा जाड तुकडा हवाच. खाली टेकवताना पहिला मार त्या बटणावर येतो आणि साधं कापड ते वर्षभरात फाडतं.

आता थोडं माझ्या मूर्खपणाच्या दुसऱ्या अंकाबद्दल. कार्डावरचा नंबर लागला. तो मुलगा अतिशय गोड बोलला. "काका, चूक झाली, गोडाऊनची मिस्टेक. पूर्ण रिफंड देतो." व्हॉट्सअॅपवर क्यूआर आला. "हा स्कॅन करा, 6,500 टाका आणि पिन टाका, की तुमच्याकडे जमा." आणि मी केलं! पिनसुद्धा टाकला. व्यवहार अडकला तो केवळ त्या खात्यात अकराशेच रुपये उरले होते म्हणून. आदल्याच दिवशी चाचांना साडेचार हजार दिले होते. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो, हे मी स्वतः आईला दहा वेळा शिकवलंय. पुन्हा फोन केला तर नंबर बंद.

पार्टी प्लॉटवाल्याने हात वर केले. स्टॉल चार दिवसांसाठी रोखीने घेतला होता, वहीत नाव वेगळंच. क्यूआरबद्दल 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं. केसची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. तिथे एक गोष्ट कळली: 2019 च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे "बिल नाही म्हणून काही करता येत नाही" हे आपण धरून चालतो ते खरं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षं. अडचण एकच, दावा कोणावर लावायचा? यूपीआयच्या पावतीवर एक नाव आहे, कार्डावर दुसरं, प्लॉटवाल्याच्या वहीत तिसरं. एका वकील मित्राच्या मते पावतीवरच्या नावापासून सुरुवात करावी. कागद तयार होतायत.

बेस जुळली. चाचांनी सरस भरून क्लॅम्प लावून दोन दिवस ठेवली. आवाजात मला तरी फरक वाटत नाही, नटमागे मात्र एक तिरकी रेघ कायमची. आता सेमी-हार्ड केस घेतली आहे, 2.9 किलोची. दुकानात स्प्रिंगच्या काट्याला लटकवून पाहिली, आत बेस ठेवून, डोक्यामागे हात घालून. पक्क्या बिलासकट.

पुठ्ठ्याची केस मागच्या बाल्कनीत आहे, आणि पेल्याचं चित्र असलेला तो तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत, पुरावा म्हणून. पस्तीवाल्याला देऊ नका, असं घरी सगळ्यांना बजावून ठेवलंय.