साधी, गिअरची की बॅटरीची? बेळगावात सायकलनं कामावर जायचं तर

आमच्या शॉपमधला एक पोरगा दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाईल पुढं करतोय. "काका, ही बघा, एकवीस गिअर. घेऊ का?" दुसऱ्या दिवशी बॅटरीची. तिसऱ्या दिवशी परत गिअरची. तो मच्छेहून येतो, मी वडगावहून, आणि काम दोघांचंही उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत. मी बरीच वर्षं सायकलवर येतो म्हणून मला विचारतो. त्याला तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं इथं एका जागी लिहितोय.

सायकल बघायच्या आधी वारा बघा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. वडगाव-शहापूरकडून उद्यमबागेला येणाऱ्याला तो सकाळी तोंडावर आणि संध्याकाळी पाठीवर. मच्छे-पिरनवाडीकडून येणाऱ्याचं उलटं: सकाळी फुकटात पोचतो, आणि दिवसभर मशीनपुढं उभं राहून झाल्यावर घरी जाताना वारा छातीवर घेतो. शहराच्या उत्तरेला काकती-होनग्याच्या हायवेची गोष्ट आणखी वेगळी. तिकडून शहरात परतताना वारा उजवीकडून लागतो, आपण नकळत त्याच्यावर रेलून चालवत असतो, आणि उजव्या बाजूनं ट्रक आला की तो वारा एकदम तुटतो. सायकल ट्रककडंच झुकते. तो हायवे नवख्यानं पहिल्या वर्षी तरी सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोक गिअर घेतात चढासाठी. आपल्या शहरात चढ म्हणजे तिसऱ्या गेटचा पूल, कपिलेश्वरचा पूल, असे मोजकेच. नाही जमलं तर उतरून ढकलावी, कोण हसत नाही. वाऱ्यात मात्र उतरून काय करणार? तो घरापर्यंत असतो. गिअर खरा तिथं उपयोगी पडतो.

आता साधी सायकल, म्हणजे दांडीची काळी. वजन वीसेक किलो, किंमत साधारण पाच ते आठ हजार. चेन कव्हर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं अंगचंच असतं, डब्याची पिशवी कॅरिअरला अडकवली की काम झालं. गल्लीतला कुठलाही सायकलवाला डोळे मिटून दुरुस्त करतो. काँग्रेस रोडसारख्या रेल्वेच्या कडेकडेनं जाणाऱ्या सपाट रस्त्यावर ती एकदा लयीत आली की गिअरवाल्यालाही सोडत नाही. (1924 च्या काँग्रेस अधिवेशनाचं नाव मिरवणारा हा रस्ता मला उगाचच सायकलवाल्यांचा वाटतो.) पण तिचा एक दोष आपल्या हवेत मोठा आहे. रिम स्टीलची, वर चकचकीत मुलामा. पाऊस लागला की ब्रेक शू नुसता घसरतो. दाबल्यावर दोन-तीन फेरे होईपर्यंत काही लागतच नाही. पुलाच्या उतारावर हे लक्षात आलं तर उशीर झालेला असतो. म्हणून पावसाळ्यात उतार लागायच्या आधीच हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची, ही सवय मी लावून घेतली.

गिअरवाल्यांत दोन जाती. जाड टायरची, पुढं शॉकअप असलेली दिसायला भारी. पण दर पॅडलला तुमचा थोडा जोर तो शॉकअप खातो, आणि गुट्ट्यांचे टायर डांबरावर नुसते घुमतात. दुसरी हायब्रीड: मधल्या रुंदीचे टायर, पुढं शॉकअप नसलेला साधा फोर्क (चाक धरणारा चिमटा), तेरा ते पंधरा किलो. किंमत साधारण बारा हजारांपासून पुढं. कामावर जायला हीच. डिस्क ब्रेक असला तर पावसात साध्या सायकलीचा तो दोष जातो. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर हवा पेट्रोल पंपावरही भरता येते. मात्र मडगार्ड, कॅरिअर, स्टँड बहुतेकदा वेगळे घ्यावे लागतात, आणि उघडी चेन उजव्या पायाची पँट खाते. एकवीस गिअरांपैकी रोजच्याला चार-पाचच लागतात. सात असले तरी भरपूर.

बॅटरीची मी दोन आठवडे एकाची मागून चालवली. वारा आहे की नाही हेच कळत नाही, खोटं कशाला बोलू. मोटर 250 वॅटची आणि मदत ताशी 25 किलोमीटरला बंद होणारी असेल, तर लायसन्स-पासिंगची भानगड नाही. गुडघा दुखतोय, अंतर दहा-बारा किलोमीटर आहे, घामट शर्टानं गिऱ्हाइकापुढं उभं राहायचंय, अशांनी हीच घ्यावी. पण उद्यमबागेच्या रस्त्यावर लेथवरचं लोखंडी कातरण पडलेलं असतं, टायरमध्ये घुसतं. मागच्या चाकात मोटर असली की पंक्चरसाठी वायरचा जोड सोडून चाक काढावं लागतं, आणि रस्त्यावरचा पंक्चरवाला सरळ हात जोडतो. चार्जिंग संपलं की तीच वीसेक किलोची सायकल ओढत न्यायची.

पैशाचंही बघू. मोटरसायकल लिटरला 45 किलोमीटर देते, पेट्रोल शंभराच्या घरात, रोजचं येणंजाणं 10 किलोमीटर: दिवसाला बावीस रुपये, महिन्याचे 25 दिवस धरले तर साडेपाचशे. सात हजारांची साधी सायकल तेरा महिन्यांत वसूल. पंधरा हजारांची गिअरची सव्वादोन वर्षांत. तीस हजारांची बॅटरीची साडेचार वर्षं घेते, आणि तोवर बॅटरीच नवी घालायची वेळ येते. बचतीसाठी म्हणून ती घेणार असाल तर हिशेब जमत नाही; आरामासाठी घ्या, मग काही म्हणणं नाही.

वळीव आणि ऊस, दोन्ही तिघींना सारखेच. एप्रिल-मेमध्ये शिफ्ट सुटायच्या वेळेलाच गारा येतात, तेव्हा शेडखाली अर्धा तास थांबायची तयारी ठेवावी. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर निघतात, दोन-दोन ट्रेलर, मागं लाल दिवा असेलच असं नाही, गाणी मात्र पूर्ण आवाजात. अंधार पडल्यावर त्यांच्या मागं-पुढं राहू नये.

त्या पोराला मी शेवटी म्हटलं, आधी घरात बघ. कर्नाटक सरकारनं 2006-07 पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या पोरांना सायकली वाटल्या. आपल्या भागात अजून कितीतरी घरांच्या परड्यात त्या कोंबड्यांच्या शेजारी टेकून आहेत. त्याच्या बहिणीची निघाली, पुढं टोपली असलेली. ट्यूब, ब्रेक शू, चेनला तेल, एवढं केलं आणि सीट वर घेतली. तीन आठवडे तो तिच्यावरच आला. परवा मोबाईल न काढता म्हणाला, "काका, सकाळचं काही वाटत नाही हो. संध्याकाळी पिरनवाडीपासून पुढं वारं लई मारतंय."

हायब्रीड घे म्हटलं, सात गिअरची. मडगार्ड दुकानदाराकडून त्याच बिलात घालून घे.